गच्चीवर काळी पूड, ॲपवर 'मध्यम' आणि चिमणी म्हणे मर्यादेत: यातलं खरं काय?

उचगावकर

घर कोल्हापूरजवळच्या उचगावात, शिरोली एमआयडीसीच्या अंगाला. थंडी पडली की सकाळी गच्चीवर, गाडीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळपट पूड बसलेली असते. बोट फिरवलं की रेघ उमटते. सरकारी ॲपवर हवेतल्या बारीक धुळीचे आकडे: पीएम१० चा १८०, त्याहून बारीक पीएम२.५ चा ७५, एक्यूआय (हवेचा निर्देशांक) १५३ आणि खाली शब्द 'मध्यम'. तोंडी विचारलं की उत्तर ठरलेलं: शहराची हवा ठीक आहे आणि कारखान्याची चिमणीही मर्यादेत आहे.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. 'मध्यम' म्हणजे कायद्यात बसतं की नाही? ही मर्यादा नक्की कुणावर बंधनकारक असते? आणि तक्रार कशी लिहिली म्हणजे ती फायलीत झोपणार नाही? 'झाडं लावा' हे उत्तर सोडून काहीही चालेल.

---

मोजपट्टी

पहिला प्रश्न सोपा आहे, कारण तो निव्वळ गणिताचा आहे.

राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकं नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. एकूण १२ प्रदूषकं त्यात आहेत. धुळीपुरतं बोलायचं तर पीएम१० साठी २४ तासांची सरासरी १०० आणि वर्षाची ६०, पीएम२.५ साठी २४ तासांची ६० आणि वर्षाची ४०. सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम२.५ ची वर्षाची पातळी ५ वर आणली आहे, म्हणजे आपली मर्यादा तिच्या आठपट. पण इथे कायदा आपलाच चालणार.)

आता एक्यूआय. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला जो सर्वांत मोठा तोच त्या दिवसाचा एक्यूआय. सरासरी नाही, बेरीजही नाही. पीएम१० चे १०१ ते २५० हे आकडे एक्यूआयच्या १०१ ते २०० या पट्ट्यात बसवलेत. म्हणून तुमचे १८० असे मोडतात: (२०० − १०१) ÷ (२५० − १०१) × (१८० − १०१) + १०१ = १५३. पीएम२.५ चे ७५ याच रीतीने १४९ होतात. मोठा १५३, म्हणून पाटीवर १५३.

खरी गोम पुढे आहे. एक्यूआय १०० ही रेघ बरोबर २४ तासांच्या मानकावर ओढलेली आहे. म्हणजे १०१ च्या पुढे गेलं की त्या दिवशीचं मानक ओलांडलं गेलं. 'मध्यम' हा शब्द ऐकायला परीक्षेतल्या सेकंड क्लाससारखा वाटतो, पण तुमच्या १८० मध्ये मानकापेक्षा ८० टक्के जास्त धूळ आहे. शब्द निवडणाऱ्याने जरा जास्तच दया दाखवली, असं माझं मत.

दोन खुलासे. एक, हे मानक वर्षातले ९८ टक्के दिवस पाळायचं असतं. उरलेल्या २ टक्क्यांत, म्हणजे रोज मोजणी असेल तर साधारण ७ दिवस, ते ओलांडलेलं चालतं, फक्त मोजणीच्या लागोपाठ दोन दिवशी नाही. दोन, खाजगी ॲपं पुष्कळदा अमेरिकेची पट्टी वापरतात. तिथे पीएम२.५ चे हेच ७५ तुम्हाला १६५ च्या आसपास दिसतील. तक्रारीत एक्यूआय लिहूच नका. मायक्रोग्रॅम, तारीख, वेळ आणि केंद्राचं नाव लिहा.

आणि केंद्र कुठलं ते बघा. शहरातली जुनी मापन ठिकाणं म्हणजे महाद्वार रोड, रुईकर ट्रस्ट आणि शिवाजी विद्यापीठ. हाताने चालवायच्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ वेळा मोजतात. महाद्वार रोडचा आकडा महाद्वार रोडचा असतो. उचगावच्या गच्चीवर काय पडतंय हे त्याला माहीत नसतं.

---

धुराडं

वरचं सगळं बरोबर, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. गच्चीवर डोळ्याला दिसणारी पूड पीएम१० मध्ये बहुतांश मोजलीच जात नाही! पीएम१० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण. बोटाला लागणारी पूड ३०, ५०, १०० मायक्रॉनची असते. १९९४ च्या मानकांत एकूण तरंगत्या धुळीची वेगळी मर्यादा होती, २००९ मध्ये ती काढली. छातीत जाणारी बारीक धूळ जास्त घातक म्हणून ते शास्त्राला धरूनच झालं, पण त्यामुळे गच्चीवरच्या पुडीला हवेच्या मानकात जागाच उरली नाही. उद्या एक्यूआय ६० दाखवला तरी कपडे काळेच होणार, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणार.

आता दुसरा प्रश्न, मर्यादा कुणावर. हवेचं मानक हे हवेचं आहे. रस्त्यावर १८० आले म्हणून कुठल्याही एका कारखान्याला दंड होत नाही, कारण त्या १८० मध्ये हायवेची धूळ, कचरा, चुली, फौंड्री (ओतकामाचे कारखाने) सगळ्यांचा वाटा असतो. कारखान्याला बांधतं ते उत्सर्जन मानक: चिमणीच्या तोंडाशी किती मिलिग्रॅम. आणि त्याहून घट्ट बांधतं ते संमतीपत्र. हवा कायदा १९८१ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतल्याशिवाय कारखाना चालवता येत नाही. त्या पत्रात कुठली चिमणी, किती उंच, कुठलं इंधन किती, धूळ अडवणारं कुठलं यंत्र आणि मर्यादा किती, हे सगळं लिहिलेलं असतं. तुमची लढाई ॲपवर नाही, त्या कागदावर आहे.

फौंड्रीचे राष्ट्रीय आकडे असे: कपोला (कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी) तासाला ३ टनांपेक्षा कमी वितळवत असेल तर धूळ ४५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर, ३ टन आणि वर असेल तर १५०. इंडक्शन किंवा आर्क फर्नेसला (विजेच्या भट्ट्यांना) १५०. कपोल्याची चिमणी चार्जिंग डोअरच्या (माल टाकायच्या दाराच्या) वर कपोल्याच्या व्यासाच्या किमान ६ पट पाहिजे, व्यास ०.९ मीटर असेल तर ५.४ मीटर. इंडक्शनवर धूर आधी हुडमध्ये गोळा करून मगच चिमणीत सोडायचा असतो. शेडच्या छतातून, खिडकीतून, पत्र्याच्या फटीतून धूर निघत असेल तर चिमणीचा रिपोर्ट कितीही स्वच्छ येवो, त्याला अर्थ नाही, कारण धूर चिमणीत शिरतच नाही. शिवाय हे देशाचे किमान आकडे. मंडळ संमतीपत्रात याहून कडक आकडा घालू शकतं, म्हणून कागद आधी वाचायचा.

बिघडतं कुठे? धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या पॉलिस्टर पिशव्या १३० अंशांपुढे टिकत नाहीत. कपोल्याची ठिणगी आत गेली की पिशवीला भोक पडतं, आणि एका भोकातून बाकीच्या पिशव्यांची मेहनत वाया जाते. फिल्टरच्या दोन बाजूंतल्या दाबाचा फरक साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाणी असतो. तो शून्याकडे घसरला तर पिशवी फाटलीय किंवा पंखा बंद आहे. चढत गेला तर पिशव्या चोंदल्यात. स्क्रबर (पाण्याने धूर धुणारं यंत्र) असेल तर तेच गढूळ पाणी फिरवत ठेवतात, नोझल चोंदतात आणि पाण्याऐवजी नुसतं शिंतोडं उडतं. सगळ्यांत साधा प्रकार म्हणजे रात्री पंखाच बंद. ब्लोअरला वीज लागते आणि रात्री बघायला कोण येतंय! म्हणून धूळयंत्रणेला वेगळा वीजमीटर आहे का आणि त्याची नोंदवही आहे का, हे तपासणीत आधी विचारायला लावा. रात्रपाळीत वितळवण चालू आणि त्या मीटरचं रीडिंग हललेलं नाही, याहून पक्का पुरावा नसतो.

---

कागलकर

फौंड्रीवर एकदम शिक्का मारू नका. हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या बॉयलरची आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणांची राखही गच्चीवर येते. आधी पूड ओळखा.

पांढरा कागद गच्चीवर चारही कोपऱ्यांना दगड ठेवून रात्रभर पसरा. सकाळी कागदाखालून लोहचुंबक फिरवा. पूड चुंबकासोबत सरकली तर तिच्यात लोखंड आहे: शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग, ग्राइंडिंग, म्हणजे ओतलेला माल साफ करणं आणि घासणं. सरकत नाही, पण हलकी पिसासारखी आहे आणि चिमटीत दाबली की काजळी होऊन पसरते, ती चिपाडाची राख. चमकणारे, निसरडे, पेन्सिलीच्या शिशासारखे पापुद्रे म्हणजे वितळलेल्या बिडातून सुटलेलं ग्राफाइट. दाताखाली वाळूसारखी करकर असेल तर शेकआउटची (साचा फोडून माल काढतानाची) वाळू किंवा सरळ रस्त्याची धूळ. (चावून बघू नका, दोन काचांमध्ये घासलं तरी कळतं.) आणि फर्नेसवरून दाट पांढरा धूर दिसला तर भंगारात जस्त चढवलेला पत्रा गेलाय.

साखर कारखान्याच्या बॉयलरला धुळीची मर्यादा २०१६ पासून १५० मिलिग्रॅम आहे. गुऱ्हाळात मर्यादेपेक्षा चिपाडाचा ओलावा महत्त्वाचा. उन्हात नीट न वाळलेलं चिपाड चुलवाणात ढकललं की धूर कोंडतो आणि गुळालाही वास धरतो.

---

पंचगंगाकाठ

तक्रारीचं सांगतो. थोडं लांबेल.

आधी दार बरोबर निवडा. कारखाना, बॉयलर, चिमणी हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कोल्हापुरात मंडळाचं कार्यालय आहे. उघड्यावर कचरा जाळणं हे महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडे. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये आकारता येतात. गाडीचा धूर आरटीओकडे. बांधकामाच्या धुळीला जानेवारी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत: वाळू-माती उघडी ठेवायची नाही, फरशी-दगड उघड्यावर कापायचे नाहीत, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश आणि जास्तीत जास्त १० मीटर उंचीचा वाराआडोसा लावायचा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज इकडून तिकडे पाठवण्यातच दोन महिने जातात.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (२०१९) कोल्हापूर शहर आहे, पण त्याचा पैसा महापालिकेमार्फत खर्च होतो. उचगाव ग्रामपंचायत, त्यामुळे रस्ता झाडायची यंत्रं तुमच्या दारात येतील या आशेवर राहू नका.

मग कागद. संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. नाही सापडलं तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. त्यात 'प्रदूषण का होते?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देणं बंधनकारक नाही. कागद मागा: अमुक कारखान्याच्या चालू संमतीपत्राची प्रत, मागच्या दोन वर्षांतले चिमणी तपासणी अहवाल, तपासणी भेटींचे अहवाल, दिलेल्या नोटिसा आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरण. विवरणात इंधनाचा वर्षाचा वापर असतो. तो संमतीपत्रातल्या आकड्याशी ताडून बघा. परवानगी रोज १ टन कोकची आणि वापर दीड टनाचा, हे कागदावरच सापडलं तर कुठलंही यंत्र न लावता उल्लंघन सिद्ध.

तक्रारीचा मजकूर असा असावा: 'अमुक तारखेस रात्री १.१० ते १.४५, चिमणी क्र. २ मधून नव्हे तर शेडच्या छताच्या उत्तर बाजूने दाट धूर. वारा उत्तरेकडून. संमतीपत्रातील अमुक अटीनुसार फर्नेसचा धूर हुडमार्गे बॅग फिल्टरला जोडणे बंधनकारक. सोबत व्हिडिओ. तपासणी रात्रपाळीत, वितळवण चालू असताना व्हावी.' अशा तीन-चार नोंदी वेगवेगळ्या दिवसांच्या. 'आमचे जगणे मुश्कील झाले आहे' हे वाक्य खरं असलं तरी त्याच्यावर कारवाई करता येत नाही. अट क्रमांकावर करता येते.

कायद्यातला एक बदल लक्षात ठेवा. मर्यादा ओलांडल्यास पूर्वी हवा कायद्याच्या कलम ३७ मध्ये दीड ते सहा वर्षं कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी १०,००० ते १५ लाख रुपये दंड आला आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. खटला वर्षानुवर्षं चालण्यापेक्षा हे वेगाने व्हावं असा हेतू. खरा धाक मात्र अजूनही कलम ३१-अ चा: मंडळ त्याखाली कारखाना बंद करायला, वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. फर्नेस गरम असताना वीज तुटणं म्हणजे काय, हे शिरोलीत कुणाला सांगायला नको.

याशिवाय पर्यावरण भरपाई असते. केंद्रीय मंडळाचं सूत्र पाच आकड्यांच्या गुणाकाराचं आहे. ऑरेंज (प्रदूषणाच्या मधल्या) श्रेणीचा लघुउद्योग ३० दिवस उल्लंघनात असेल तर: श्रेणीचे ५० × ३० दिवस × २५० रुपये × लघुउद्योगाचे ०.५ × दहा लाखांखालच्या वस्तीचा १ = १,८७,५०० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळांचा हा अधिकार मान्य केला, मात्र त्यासाठी आधी नियम करायला सांगितले.

मंडळ हललंच नाही तर हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. सहा महिन्यांची ही मुदत लोक तक्रारींवर तक्रारी करत बसून घालवतात.

---

उचगावकर

सगळ्यांचे आभार. कागद पसरून चुंबक फिरवला. अर्ध्याहून जास्त पूड सरकली, उरलेली चमकते. म्हणजे दोन्ही फौंड्रीचंच. अजून दोन शंका. घरी छोटा सेन्सर लावून रोजचे आकडे जोडले तर चालतील का? आणि चिमणीच्या रिपोर्टमध्ये नेहमी मर्यादेच्या आतलाच आकडा कसा येतो?

---

मोजपट्टी

सेन्सर लावा, पण दिशा कळण्यासाठी. रात्री किती वाजता आकडा चढतो, वारा कुठून असताना चढतो, एवढं तो नीट सांगतो. पुरावा म्हणून टिकत नाही. तो कणांवर पडलेला प्रकाश मोजतो, वजन नाही. हवेतला दमटपणा ८० टक्क्यांपुढे गेला की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच वाढतो. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या थंडीत पहाटे धुकं असतंच, म्हणून पहाटे ४ ते ८ चे आकडे जपून वाचा. त्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार अशी उलटी घडी बसते, धूर वर जात नाही. ९-१० वाजता ऊन तापलं की घडी मोडते. तेव्हा सकाळचा चढ सगळाच त्या रात्रीच्या भट्टीचा नसतो.

खऱ्या मोजणीत यंत्र मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा फिल्टरमधून ओढतं. ८ तासांत ५२८ घनमीटर. फिल्टरचं वजन ७९.२ मिलिग्रॅमने वाढलं तर ७९,२०० ÷ ५२८ = १५० मायक्रोग्रॅम. फिल्टर वजनाआधी आणि नंतरही कोरड्या जागी २४ तास ठेवावा लागतो. नुसता ५ मिलिग्रॅम ओलावा राहिला तरी उत्तर साडेनऊने चुकतं. आणि यंत्र जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर, झाडांपासून लांब हवं.

---

धुराडं

रिपोर्ट 'आत' कसा येतो ते सांगतो. नेहमी लबाडीच असते असं नाही.

चिमणीत नमुना घेताना नळीत शिरणारी हवा आणि चिमणीतली हवा यांचा वेग सारखा लागतो. नळीने जास्त जोराने ओढलं तर जड कण वळत नाहीत, सरळ निघून जातात आणि आकडा कमी येतो. हळू ओढलं तर उलट, जास्त येतो. चिमणीला नमुन्यासाठी पाडलेलं भोकही बाक किंवा जोडापासून पुढे व्यासाच्या ८ पट आणि तोंडाच्या आधी २ पट अंतरावर पाहिजे, नाहीतर आत भोवरे असतात. कित्येक चिमण्यांना नीट भोक नसतं, वर चढायला धड प्लॅटफॉर्म नसतो. मग खालीच कुठेतरी नळी खुपसली जाते.

बॉयलर असेल तर आणखी एक तपासा. धुळीचा आकडा १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून द्यायचा असतो. जास्तीची हवा मिसळली की धूर पातळ होतो, धूळ तेवढीच राहते. रिपोर्टमध्ये १२० लिहिलंय, पण त्यावेळी कार्बन डायऑक्साइड ६ टक्केच होता, तर खरा आकडा २४०. हा रकाना कोरा असेल तर रिपोर्ट परत पाठवायला सांगा. आणि तासाला २ टनांखालच्या बॉयलरला राष्ट्रीय मर्यादा १२०० आहे, १५० नाही. 'मर्यादेत' ऐकल्यावर कुठल्या मर्यादेत ते विचारायचं.

शेवटचं, नमुना कुठल्या वेळचा ते बघा. कपोला पेटवताना आणि चार्ज टाकताना धूर सगळ्यांत जास्त, मधे स्थिर. दुपारी ३ चा, निम्म्या क्षमतेवरचा नमुना रात्री २ च्या पूर्ण वितळवणीबद्दल काहीच सांगत नाही. रिपोर्टवर त्या वेळचं उत्पादन लिहिलेलं असलं पाहिजे.

---

पंचगंगाकाठ

त्यात एक भर. मंडळाने घेतलेला नमुना कोर्टात टिकायचा असेल तर कलम २६ ची पद्धत लागते: कारखानदाराला तिथेच नोटीस, त्याच्यासमोर नमुना, सील, दोघांच्या सह्या आणि मग प्रयोगशाळा. यातलं एक राहिलं की आकडा कितीही मोठा असला तरी पुराव्यात धरत नाहीत. म्हणून पाहणीच्या दिवशी गर्दी करून आत घुसू नका, गेटबाहेर थांबा. अधिकाऱ्याला आत जाण्याचा अधिकार आहे, तुम्हाला नाही. परत आल्यावर पाहणी अहवालाची प्रत मागणारा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट.